एका घरी एकदाच

रत्नागिरीत मला खोली मिळाली ती मी कोर्टात कारकून होतो म्हणून. एरवी एकट्या माणसाला, त्यातून कोल्हापूरकडच्या, कुणी दारात उभं करीत नव्हतं. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या त्या चिऱ्याच्या घरात मात्र म्हाताऱ्या मालकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एकच प्रश्न विचारला.

"कोर्टात म्हणजे नक्की कुठल्या बाजूला बसता हो?"

"फौजदारीकडे."

"वा वा! मग या की. चपला आत काढा, बाहेर सर आली की भिजतात."

सामान लावून होतं न होतं तोच त्यांनी मला समोर बसवलं. हातात चहाचा कप दिला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "कोर्टवाले, एक सांगा. कायद्यात गमतीला जागा आहे का?"

मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. तसा तो झालेला नव्हता, निदान तेव्हा तरी. हे मालक, म्हणजे आमचे काका, टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. ट्रंक कॉलच्या जमान्यात आख्ख्या जिल्ह्याची सुखदुःखं त्यांच्या डाव्या कानातून मुंबईला गेली आणि मुंबईची इकडे आली. त्या कानाची पाळी कायमची चपटी झाली होती. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर घर एकदम गप्प झालं, आणि मग त्यांनी लोकांना फोन करायला सुरुवात केली. ओळखीच्यांना नव्हे. वाटेल त्याला.

उंदरांनी कडा खाल्लेली एक जुनी डिरेक्टरी होती. डोळे मिटून पान उघडायचं, बोट ठेवायचं आणि नंबर फिरवायचा. बरेचसे नंबर कधीच बंद पडलेले असायचे, कारण आता ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल. पण गावोगावी एखाद्या ओटीवर जुना फोन जिवंत असतो आणि तो उचलायला बहुतेक एखादं म्हातारं माणूसच असतं. पलीकडून 'हॅलो' आलं की काका भिंतीकडे तोंड करायचे आणि घोगऱ्या, लांबून आल्यासारख्या आवाजात विचारायचे, "ओळखलंत का?"

बस, एवढंच. पुढची करमणूक पलीकडचा माणूस स्वतःच करायचा. 'नाही हो, ओळखलं नाही' असं तोंडावर म्हणणं आपल्या लोकांच्या जिवावर येतं. "ओळखलं म्हणजे काय! पालीचे भावजी ना?" काका गप्प. "मग आमच्या शालूचे सासरे?" काका गप्पच. एकेका घरातले सगळे सोयरे असे रांगेनं हजेरी लावून जायचे. एका बाईंनी तर अकरा नातेवाइकांची नावं घेतली आणि त्यांतल्या चौघांना लग्नाला न आल्याबद्दल झापलं.

हे गमतीचं होतं. पण त्यांचा दुसरा एक प्रकार होता, तो ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. मध्येच ते सावकाश म्हणायचे, "तुमच्या मागच्या दाराचा कोयंडा सैल झालाय बघा." नाहीतर, "भिंतीवरचं घड्याळ पुढं जातंय तुमचं." पलीकडे चिडीचूप व्हायचं. मग पावलं जाताना ऐकू यायची, पावलं परत यायची, आणि कापऱ्या आवाजात प्रश्न यायचा, "तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, या हवेत कुठल्या दाराचा कोयंडा घट्ट राहतो?" काका मला म्हणायचे. "आणि घड्याळ म्हाताऱ्यांच्या घरी पुढंच असतं. गाडी चुकेल म्हणून मुद्दाम लावतात." एवढं सोपं होतं ते. तरी सुट्टीच्या दिवशी दुपारी, खिडकीबाहेर माडाच्या झावळ्या सळसळत असताना, भिंतीला तोंड लावून बसलेल्या त्या पाठीकडे बघत मी ते ऐकायचो, तेव्हा मला ते सोपं वाटायचं नाही. त्या आवाजाला वय नव्हतं, गाव नव्हतं. काकांचा नेहमीचा आवाज पातळ, किनरा. हा कुठून यायचा कोण जाणे.

पण नियम! नियमांच्या बाबतीत माणूस आमच्या जज्जसाहेबांपेक्षा कडक. फोनच्या वरती, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर ते लिहून चिकटवले होते आणि मला आणून ठेवलं होतं ते त्यांची तपासणी करायला. मी सांगितलं, धमकी, शिवी, अचकटविचकट बोलणं हे तर उघडच गुन्हे. पोलीस, बँक, दवाखाना यांच्या नावानं बोललात तर तुरुंगाची हवा. तातडीच्या सेवेच्या नंबरांवर गंमत चालणार नाही. आणि एकाच माणसाला पुन्हा पुन्हा फोन करून सतावलंत तर तो छळ.

"ते आहे आपल्याकडे," असं म्हणून त्यांनी कागदावर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, 'एका घरी एकदाच.' त्याखाली दोनदा रेघ होती. आपला नंबर लपवायचा नाही, लपवला म्हणजे मनात पाप आहे. दुसऱ्याचं नाव आपण घ्यायचं नाही. त्यांनी घेतलं तर हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. सकाळी दहा ते बारा, दुपारी चार ते सहा. अमावास्येला बंद. पलीकडे आजारी माणूस, बाळंतीण, दहावीचं पोर असल्याचा वास आला की तिथल्या तिथं थांबायचं. गेलेल्या माणसाचं सोंग काढायचं नाही.

आणि सगळ्यांत मोठा नियम, फोन ठेवण्याआधी तोंड दाखवायचं. म्हणजे नाव, गाव, नंबर सांगून म्हणायचं, "गंमत केली हो, राग मानू नका." हा नियम शिमग्यातला. तरुणपणी काका गावच्या खेळ्यांत संकासुराचं सोंग घ्यायचे. काळा अंगरखा, उंच टोपी, कमरेला घुंगरं. पोरं किंचाळत पळायची. पण शेवटी देवळाच्या पायरीवर टोपी काढून पोरांना तोंड दाखवल्याशिवाय घरी जायचं नाही, असा त्यांच्या गावचा रिवाज होता. "भीती दिली तर ती परत घेऊन जायची. कुणाच्या घरात टाकून यायची नाही."

हे त्यांना एकदाच विसरायला झालं होतं. आरे-वारेच्या बाजूच्या कुठल्याशा घरी, "मागच्या दारी कोण उभं आहे बघा," असं ते बोलून गेले. बाई किंचाळल्या आणि फोन पडला. दुसऱ्या दिवशी हा सत्तरीचा माणूस एसटीनं नारळ घेऊन त्या घरी गेला आणि सगळ्यांच्या पाया पडून आला. माणसाच्या जागी कोयंडा आला तो त्यानंतर.

एवढे नियम असताना काय वाकडं होणार, असं मलाही वाटायचं. आमच्या कोर्टात येणाऱ्या कितीतरी माणसांना तसंच वाटलेलं असतं.

त्या दिवशी मी कोर्टातून आलो तर काका फोनसमोर बसलेले, रिसीव्हर मांडीवर. 

"कोर्टवाले, चूक झाली."

पालीच्या पलीकडच्या एका खेड्यात फोन लागला होता. म्हातारी बाई. काकांनी विचारलं, "ओळखलंत का?" पलीकडे बराच वेळ काही नाही. आणि मग, "बाळा?" काका गप्प. "बाळा रे! कुठं हायस? बरा हायस ना? मला ठावं होतं. मी सगल्यांना बोलत व्हते, तो येनार. सोमवारचा इधी नको आता, भटाला सांगतंय मी. बोलू नको जास्त, फोन लय म्हाग पडतो. ठेवतंय." आणि तिनं फोन ठेवला. ट्रंक कॉलच्या तीन मिनिटांची धास्ती घेतलेली बाई होती ती. मुंबईचा फोन आला की भडाभडा बोलायचं आणि ठेवून द्यायचं, ही सवय तिच्या हातात राहिली होती. असे हजारो फोन ज्यांनी जोडून दिले, त्यांना तोंड दाखवायला मात्र तिनं वेळ दिला नाही.

"लगेच परत लावा," मी म्हणालो. "कुठला कायदा आड येतो?"

"एका घरी एकदाच."

"अहो काका, नियम तुमचा, कागद तुमचा!"

"ते नाही हो." त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. "परत लावला तर कानावर परत तोच आवाज पडेल. ती ऐकेल ते तिला ऐकायचं तेच. आवाजानं झालेलं आवाजानं पुसत नाही. तोंड घेऊन गेलं पाहिजे."

रविवारी सकाळी आम्ही निघालो. एसटीनं पाली आणि तिथून रिक्षा.  डिरेक्टरीतलं नाव विचारत घर सापडलं. कातळाच्या कडेला एकटंच, पुढं सारवलेलं खळं. खळ्यात एक पस्तिशीची बाई भात वाळत घालत होती. आम्ही फोनचं नाव काढलं मात्र, तिनं सूप खाली ठेवलं.

ती सून. तिच्याकडून कळलं ते असं. तिचा नवरा लग्नानंतर वर्षभरात मुंबईला कामाला गेला आणि तिथून कुणाच्या तरी बोटीवर. पुढं पत्ता नाही. बारा वर्षं झाली. बारा वर्षं माणसाची खबर नसली की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, म्हणजे गेलेला सुटतो आणि मागची माणसंही सुटतात. त्यासाठी सगळ्यांनी मिळून म्हातारीला महत्प्रयासानं तयार केलं होतं. सुनेच्या भावानं तिच्यासाठी एक स्थळ पाहिलं होतं. माणूस बरा होता, थांबलाही होता, पण विधी झाल्याशिवाय पुढं पाऊल नाही. उद्या सोमवार. आणि काकांच्या फोननंतर म्हातारीनं भटजींना निरोप धाडला होता की लेक जिवंत आहे, येऊ नका.

"तो माझा फोन होता," काका म्हणाले.

सुनेनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "मला नका सांगू," ती म्हणाली. "आत हायत, त्यांना सांगा."

पडवीत अंधार होता. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, कोंबड्यांना हुश्श हुश्श करून हाकलत. शेजारी स्टुलावर फोन, त्यावर भरतकामाचं फडकं, आणि फडक्यावर ताजं जास्वंदीचं फूल.

"आजी, परवा फोन आला तो मी केला होता. गंमत म्हणून. माझं चुकलं."

म्हातारी हसली. "तुमी कोन? माज्या लेकाचा आवाज मला कलत नाय व्हय?"

"तुमच्या लेकाचं नाव मी घेतलं नव्हतं. मी फक्त एवढंच विचारलं—" आणि काका भिंतीकडे वळले. नेहमी वळायचे तसेच. "ओळखलंत का?"

कोंबड्या गप्प झाल्या, हे मी रंगवून सांगत नाही. खळ्यातून सून दारापर्यंत आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. म्हातारीचं हसू तसंच राहिलं होतं, पण त्यात आता काही नव्हतं.  मला वाटलं, आता ही बाई रडेल, नाहीतर मरेल.

ती रडली नाही. तिनं विचारलं, "दुसरा कायपन बोलता येतं, ह्या आवाजात?"

काका तिच्याकडे वळले.

"जाताना तो 'येतो' बोलला. कुनी 'जातो' बोलतं काय कवा? येतो बोलायचं, तसा बोलला. बारा वरसं मी त्या शब्दावर बसलंय. पुतला जालायचा म्हंजे तो येतो बोललाय तो तसाच ऱ्हायला ना? तुमी एकडाव 'जातो' बोला. त्याच्या आवाजात. मग मी सोमवारचा करतंय."

"आजी, गेलेल्या माणसाचं सोंग मी काढत नाही."

"गेला का नाय ता तुमाला कुटं म्हाईत?"

मी कायद्याचा माणूस. माझ्याकडे बघून काकांनी नजरेनंच विचारलं, आणि मी फोनवरच्या फुलाकडे बघत राहिलो. सांगतो, माझी तेव्हा तिथून पळून जायची इच्छा होती. दारातून सून म्हणाली, "बोला काका." तिचा आवाज चिरका झाला होता. "बोला तुमी."

काका पुन्हा भिंतीकडे वळले. त्यांचे खांदे एकदा वर झाले, खाली झाले.

"आये, जातो."

काकांचे सगळे आवाज मला पाठ होते. हा त्यांतला नव्हता. हा कोवळा होता, जरा घाईत होता, एसटी सुटायच्या वेळी पोरं बोलतात तसा. आणि काका 'आये' म्हणाले. तो शब्द त्यांना कुणी सांगितला नव्हता. खेड्यातल्या पोरांच्या तोंडी असतोच तो, हे मला आता कळतं. तेव्हा मी मागं वळून दारात आणखी कुणी आलंय का ते बघितलं.

म्हातारीनं भिंतीकडे बघत मान हलवली. "बरं," ती म्हणाली. "संबालून जा."

मग तिनं सुनेला सांगितलं, "भटाला बोलाव."

निघताना काकांनी नियमाप्रमाणे नाव, गाव आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी तिच्या फोनखाली ठेवली. परतताना त्यांना रिक्षातच थंडी भरली. घरी येऊन त्यांनी डिरेक्टरी बंबात घातली. नियमांचा कागद मात्र काढला नाही. मला वाटलं, संपलं. विधी झाला हेही कळलं, कारण काही महिन्यांनी तीच सून कसल्याशा कागदासाठी नव्या नवऱ्याबरोबर कोर्टात आली होती. मला ओळखून थांबली. बरी दिसत होती. "सासू एकटीच हाय," म्हणाली. "चल बोललं तर येत नाय."

त्याच सुमारास आमच्या घरी फोन वाजायला लागला.

तो फोन वाजलेला मी कधी ऐकलाच नव्हता. त्याचा उपयोग एकेरीच होता. दुपारी चारच्या सुमाराला वाजायचा. काका उचलायचे आणि पलीकडे कुणी बोलायचं नाही. "कंपनीचे असतील, कर्ज पाहिजे का विचारणारे," मी म्हणायचो. ते मान हलवायचे. "कोरी लाईन मला कळते. इथं माणूस आहे." जुना काळा फोन, नंबर दिसायची सोय नाही. मिनिट, दोन मिनिटं ते ऐकत बसायचे. मग पलीकडून ठेवल्याचा आवाज. आठवड्यातून दोनदा, तीनदा. शनिवारी मी घरी असलो की चार वाजायच्या आधीच बाहेर पडायला लागलो, खोटं कशाला बोलू?

मग एकदा दारातून मी त्यांना बोलताना ऐकलं. घोगऱ्या नव्हे, स्वतःच्या पातळ आवाजात.

"कोण आहेस ते तू सांगत नाहीस. पण तूच असशील तर ऐक. आई बरी आहे तुझी. कौलं चाळून घेतली तिनं. पायाची सूज उतरलीय. बायकोचं चांगलं झालं, तिच्यावर राग धरू नको."

 त्यांनी फोन ठेवल्यावर मी विचारलं, "हे सगळं तुम्हाला कोण सांगतं?"

"त्या बाजूच्या गाडीचा कंडक्टर. चौकशी करून येतो बिचारा. मी त्याला चहा पाजतो." जरा थांबून ते म्हणाले, "मी त्याला 'जातो' म्हणायला लावलं, कोर्टवाले. त्याला न विचारता. आता तो फोन करतो तर त्याला निदान घरची खबर तरी द्यायला नको?"

हा माणूस आयुष्यभर तारा जोडत आला होता. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. पण आता चार वाजले की तो केस विंचरून, स्वच्छ सदरा घालून फोनसमोर बसायचा. मी डॉक्टरांकडे चला म्हणालो. तर म्हणाले, "कुठला कायदा मोडतोय मी? फोन मी करत नाही, तो करतो." त्यावर माझ्याकडे कलम नव्हतं.

त्या पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले. त्यातून उठले नाहीत. एका शनिवारी मी त्यांना पेज भरवत होतो आणि चार वाजता फोन वाजला. त्यांना उठवेना. "घ्या," ते म्हणाले. "ठेवून देईल तो."

मी उचलला. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पलीकडे खरंच माणूस होतं. श्वास धरून बसलेलं.  थोड्या वेळानं जरा लांबून, रिसीव्हर बाजूला धरून कुणीतरी हलकेच म्हणालं, "हुश्श... हुश्श." कोंबडी फडफडली. मग श्वास पुन्हा जवळ आला आणि थांबून राहिला.

मी तो आवाज त्या पडवीत ऐकला होता. लेकाशी कुणीतरी बोलतं, तिची खबर त्याला देतं, हे ऐकायला म्हातारी आठवड्यातून दोनदा, तीनदा हा नंबर लावत होती, आणि फोन महाग पडतो म्हणून दोन मिनिटांत ठेवत होती.

"कोण आहे?" काकांनी विचारलं.

एका शब्दात दोघांनाही तोंड दाखवता आलं असतं. भिंतीवरचा कागद समोर होता.

"बोलत नाही कुणी," मी म्हणालो. "पण आहे."

रिसीव्हर मी त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी डोळे मिटले, ओठ ओले केले.

"मी आहे रे," ते म्हणाले. "आई बरी आहे तुझी."